आधी सर्जनची चिठ्ठी, मग सुया: कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं अ‍ॅक्युपंक्चर क्लिनिक

आईचा गुडघा बदलायचं ठरलं तेव्हा तिला ऑपरेशनपेक्षा भुलीनंतरच्या उलट्यांची धास्ती जास्त. पित्ताशयाच्या वेळी फार हाल झाले होते. म्हणून आधीच इथे आलो.

डॉक्टरांनी सुयांना हात लावला नाही. औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. त्यात कुणीतरी ताकदीसाठी दिलेल्या जिनसेंगच्या, म्हणजे एका चिनी औषधी मुळीच्या, कॅप्सूल निघाल्या. "काकू, ह्या आजपासून बंद. सर्जनच्या पण कानावर घाला." जिनसेंगने रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो, साखरही उतरू शकते. चिनी उपचार करणाराच चिनी औषध बंद करतोय म्हटल्यावर माझा विश्वास बसला.

मग मनगटावरची जागा दाखवली. घडीपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूला, मधल्या दोन स्नायुबंधांच्या (दोरीसारख्या लागतात त्या) बेचक्यात. चिनी नाव नेइग्वान. भुलीनंतरच्या मळमळीवर या बिंदूचा उपयोग होतो, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. भूलतज्ज्ञांची हरकत नव्हती, त्यांनी उलटीचं इंजेक्शनही दिलं. आईला मळमळलं, पण उलटी झाली नाही. श्रेय दोघांनाही.

ऑपरेशननंतर सर्जनच्या चिठ्ठीशिवाय सुरुवात नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, टाके कसे आहेत, सगळं विचारलं. जखमेच्या आसपास एकही सुई नाही. हातांवर, कानावर आणि दुसऱ्या पायावर. सुया एकदाच वापरायच्या, पाकीट आपल्यासमोर फोडतात. रात्रीचा ठणका कमी झाला, आई झोपू लागली, मग सर्जननी वेदनाशामक गोळ्या कमी केल्या. गुडघा वाकला तो मात्र फिजिओथेरपीने, आणि हे डॉक्टर स्वतःच सांगतात.

एका संध्याकाळी आईची पोटरी सुजलेली दिसली. सुई न लावता आम्हाला तडक सर्जनकडे पाठवलं, डॉप्लर (पायातला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करून घ्या म्हणाले. रक्ताची गुठळी निघाली नाही. त्या दिवसाचे पैसेही घेतले नाहीत.

भिंतीवर राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर परिषदेचं नोंदणीपत्र आहे आणि शेजारी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजॉय बसू पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि ते भारतात घेऊन आले. त्या फोटोची जागा इथेच शोभते, असं मला मनापासून वाटतं.

तक्रार एकच, पण मोठी: क्लिनिक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नवा गुडघा घेऊन तो जिना चढणं म्हणजे शिक्षा. खालच्या औषध दुकानामागे एक खोली आहे, फोन करून सांगितलं तर डॉक्टर तिथे उतरून येतात. आम्हाला हे उशिरा कळलं, तुम्ही आधीच विचारा. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची यादी न्या, नाहीतर परत पाठवतील.