आयर्लंडमधले जमिनीचे जुने कागद शोधून देतो म्हणणाऱ्यांपासून सांभाळा, माझे १७७५ युरो गेले

चार महिने लिहू की नको, लिहू की नको चाललं होतं. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एका मराठी बाईने त्याच माणसाचा नंबर मला पाठवला, "तुझ्या सासरच्यांचं पण शोधून देईल बघ" म्हणून, आणि माझा नुसता संताप संताप झाला. म्हणून सगळं लिहितेय, आकड्यांसकट.

मी मूळची नाशिकची, अकरा वर्षं आयर्लंडमध्ये आहे, नर्स आहे. नवरा इथलाच. त्याचं घराणं लीश काउंटीतलं, पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी, कॅथलिक. सासऱ्यांना ऑक्टोबरमध्ये ७५ पूर्ण झाली. त्यांचं एक कायमचं दुःख आहे, की बटाट्याच्या दुष्काळाआधी आपल्याकडे जमिनीचा मोठा लीज होता, कागद होता, तो कुणीतरी घालवला. दर ख्रिसमसला हे ऐकते मी. म्हटलं पंच्याहत्तरीला तोच कागद शोधून त्यांच्या हातात द्यायचा.

आता तुम्ही म्हणाल एवढी शिकलेली बाई फसली कशी. मी सातबाऱ्याच्या घरात वाढलेय. आमच्या अण्णांचं अर्धं आयुष्य तलाठी कार्यालयात गेलं, फेरफार, कुळाची नोंद, इंडेक्स टू हे शब्द मी पाढ्यांसारखे ऐकलेत. त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही मी स्वतः बघितलीय. मोडीतलं खरेदीखत वाचून घ्यायला अण्णांनी पैसे मोजलेले आठवतात. त्यामुळे जुना कागद शोधायला माणूस लागतो, वाचायला वेगळा माणूस लागतो आणि दोघांना पैसे द्यावे लागतात, यात मला काहीच वावगं वाटलं नाही. कुणालाही वाटलं नसतं.

तो माणूस एका वेबसाइटवर सापडला, पंचवीसेक चांगले रिव्ह्यू होते (रिव्ह्यू बघून पैसे देऊ नका, ते विकत मिळतात). पहिल्याच कॉलवर त्याने मला पाऊण तास इतिहास सांगितला. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तर जळालं, १८२१ ते १८५१ च्या शिरगणत्या जवळपास सगळ्या त्यात गेल्या, पुढच्या चार सरकारनेच नष्ट केल्या, त्यामुळे अख्ख्या देशाची हातात येणारी पहिली शिरगणती १९०१ ची. पण हेन्रिएटा स्ट्रीटवरची रजिस्ट्री ऑफ डीड्स वेगळ्या इमारतीत होती म्हणून वाचली, तिथे १७०८ पासूनच्या दस्तांच्या नोंदी आहेत. हे सगळं अक्षर न अक्षर खरं आहे. मी रात्री बसून तपासलं, खरं निघालं, आणि माणूस पण खरा असणार असं मी धरून चालले. पहिली चूक ती. इतिहास कुणालाही पाठ करता येतो, माणूस कोण आहे ते वेगळं तपासायला हवं होतं.

मग सुरू झालं. १८० युरो प्राथमिक शोध. आठ दिवसांत "तुमचं घराणं सापडलं!" असा मेसेज. मग ४२० इंडेक्स आणि मेमोरियलच्या (दस्ताच्या गोषवाऱ्याच्या) कॉप्यांचे. मग ३८५ जुनं हस्ताक्षर वाचून टाइप करून देण्याचे. आणि शेवटी म्हणाला, मूळ लीजच मिळतोय, एका जुन्या वकिलाच्या ऑफिसात ट्रंका निघाल्यात, त्यात आहे, पण अमेरिकेतला एक जण घ्यायला बसलाय, शुक्रवारपर्यंत ठरवा. ६५० युरो. एकूण १६३५. वर मी पदरचे १४० घालून त्याला अक्रोडाच्या लाकडाची फ्रेम केली. सगळे मिळून १७७५, म्हणजे आपले दीड लाखाच्या वर.

कागद काय होता ते सांगते. १७६१ चा, "तीन जिवांचा लीज". ही खरीच पद्धत होती इथे, लीजमध्ये तीन माणसांची नावं लिहायची आणि त्यातला शेवटचा मरेपर्यंत लीज चालायचा. कूळ बरेचदा स्वतःच्या पोरांची नावं घालायचं, कधीकधी वयं पण असायची, म्हणून वंशावळ शोधणाऱ्याला असा कागद म्हणजे खजिना. आमच्या कागदात तीन मुलगे होते, आणि तिघांची नावं सासऱ्यांच्या घरात आजही चालणारी. वाचताना मला रडू आलं होतं.

आता ती वेळ. सप्टेंबरची गोष्ट, नाईट ड्युटी संपवून बसमध्ये बसले होते, त्याने मूळ लीजचा फोटो पाठवला. मी झूम केलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं "काउंटी लीश". आणि मला खटकलं. खरंच खटकलं, हे मी शपथेवर सांगते. कारण पंधराच दिवसांपूर्वी सासऱ्यांच्या आजोबांचा जन्मदाखला मी स्वतः स्कॅन करून त्या माणसाला पाठवला होता आणि त्यावर ठळक "क्वीन्स काउंटी" होतं. १५५६ मध्ये मेरी राणीच्या नावावरून ठेवलेलं ते नाव ब्रिटिश जाईपर्यंत सरकारी कागदावर तेच होतं. मग १७६१ च्या कागदावर लीश कुठून आलं? मी विचारलं पण त्याला. त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं, "कुटुंबाला कळावं म्हणून मी आजची नावं वापरतो." आणि मी "ओके थँक्स" लिहून फोन पर्समध्ये टाकला!

अहो, तो टाइप केलेला मजकूर नव्हता, तो मूळ कागदाचा फोटो होता! मूळ कागदात तो आजची नावं कशी वापरेल? एवढं साधं. बारा तास उभी राहून आले होते, डोळे मिटत होते, शुक्रवार दोन दिवसांवर होता, सगळं मान्य, पण प्रश्न माझ्याच तोंडातून निघाला होता आणि उत्तर मीच गिळलं. त्या बसमधल्या दोन मिनिटांत माझे ६५० तरी वाचले असते. अजून रात्री जाग आली की तेच आठवतं.

वाढदिवसाला सगळे जमले होते. सासऱ्यांनी फ्रेम मांडीवर घेतली, काचेवरून हात फिरवला, काही बोललेच नाहीत, डोळे भरलेले. मला वाटलं जिंकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी ते भिंग घेऊन बसले होते. मला हळूच शेजारी बसवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, माझे आजोबा मरेपर्यंत क्वीन्स काउंटीच म्हणायचे, आजच्या पोर्टलीश गावाला मेरीबरोच म्हणायचे. आणि हे बघ, कागदाला आठ घड्या आहेत पण आत-बाहेर सगळीकडे सारखाच पिवळा आहे, खऱ्या जुन्या कागदाची वरची घडी मळते, आतली स्वच्छ राहते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मलाच समजावत होते, "तू माझ्यासाठी केलंस ना."

मग मी सुट्टी टाकली आणि डब्लिनला नॅशनल लायब्ररीत गेले. तिथे वंशावळीसाठी फुकट सल्ला मिळतो, फुकट! हे आधी कळलं असतं तर. तिथून आणि नंतर स्वतः वाचून जे कळलं ते ऐका. रजिस्ट्रीत मूळ लीज नसतोच, तिथे असतं मेमोरियल, म्हणजे दस्ताचा गोषवारा, आपल्या इंडेक्स टू सारखा समजा. मूळ कागद नोंदणी करून मालकाला परत जायचा. नोंदणी सक्तीची नव्हती. लहान मुदतीच्या लीजला तिची गरजच नव्हती. आणि गरीब कुळं बहुतेक वर्षावर्षाच्या बोलीवर जमीन कसायची, त्यांचा कागदच होत नव्हता. त्याच्यावर कडी म्हणजे १७७८ पर्यंत कॅथलिक माणसाला ३१ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा लीज घ्यायला कायद्याने बंदी होती. तीन जिवांचा लीज, १७६१ साली, कॅथलिक कुळाला! एवढी मोठी थाप त्याने माझ्याकडून पैसे घेऊन मला मारली. त्यामुळे लहान शेतकऱ्याचं घराणं रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये आठ दिवसांत सापडलं असं कुणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा.

त्याने दिलेला मेमोरियलचा संदर्भ, व्हॉल्यूम, पान, नंबर, सगळं होतं. रजिस्ट्रीच्या त्या जुन्या वह्यांच्या फिल्म फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट दिसतात, फक्त लॉगिन लागतं. मी ते पान उघडलं. तिथे कॉर्कमधल्या कुठल्यातरी घराचा व्यवहार होता, आमचं नाव नाही, गाव नाही, काही नाही. वीस मिनिटांचं काम होतं. कुणी संदर्भ दिला तर पैसे देण्याआधी ते पान स्वतः उघडा.

आता पोलिसांचं. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या माणसाने फ्रेम बघितली आणि म्हणाला, पण तुम्हाला कागद तर मिळाला ना? मी म्हटलं तो खोटा आहे. म्हणाला खोटा आहे हे कोण सांगणार, हा दिवाणी मामला आहे, वकील बघा. दुसऱ्यांदा गेले तर म्हणे आधीचा ऑफिसर रजेवर, तुमची नोंदच दिसत नाही. तिसऱ्यांदा चार तास बसून जबाब दिला, सगळे मेसेज प्रिंट करून नेले होते, ४६ पानं, त्याने पहिलं पान बघितलं आणि बाकीची फाईलखाली सारली. फसवणाऱ्याचं खातं दुसऱ्या देशातलं आहे म्हणून तिथल्या पोलिसांना लिहा म्हणाला. मी लिहू? मग तुम्ही कशाला बसलाय? बँकेची तर वेगळीच कथा. ट्रान्सफर तुम्ही स्वतः केली, ओटीपी तुम्हीच दिला, म्हणजे ही फसवणूक धरता येत नाही, असं लेखी उत्तर आलं सहा आठवड्यांनी. पैसे परत मागवण्याची विनंती पाठवली होती म्हणे, समोरच्या बँकेने उत्तर दिलं नाही, विषय संपला. कार्डने दिले असते तर निदान वाद तरी घालता आला असता, म्हणून अशा माणसाला बँक ट्रान्सफर कधी म्हणजे कधी करू नका, तो "कार्डला चार्ज पडतो" म्हणाला की समजा. ग्राहकांच्या हेल्पलाइनवाली बाई गोड बोलली आणि पुन्हा पोलिसांकडेच पाठवलं. त्या वेबसाइटवर मी खरा रिव्ह्यू टाकला, दोन दिवसांत काढला, "व्यवहाराची खात्री पटत नाही" म्हणून. त्याचे पंचवीस पटले, माझा एक नाही! भाऊ तिकडून म्हणतो १९३० हेल्पलाइनला फोन कर, अरे बाबा ते भारतात, इथे मी कुणाला फोन करू? प्रत्येक जण दुसऱ्याचं दार दाखवतो आणि प्रत्येकाचा चेहरा हेच सांगतो की बाई, तूच मूर्ख. फसवणाऱ्याने एकदा अपमान केला, यांनी चार महिने रोज केला.

अजून एक महत्त्वाचं. हा माणूस मला म्हणाला होता की त्याच्याकडे "भारतातले पण क्लायंट" आहेत. देवळाली, खडकी, भुसावळकडच्या अँग्लो इंडियन घरांमध्ये आयरिश आजोबांच्या गोष्टी असतात आणि आयरिश पासपोर्टच्या आशेने लोक कागद शोधत असतात. त्यांनी नीट ऐका, आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आजी-आजोबांवरून नागरिकत्व मिळू शकतं, पण त्याला जन्माचे, लग्नाचे दाखले लागतात. अठराव्या शतकातला लीज तिथे काहीही कामाचा नाही. १८६४ पासूनच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या सरकारी नोंदी ऑनलाइन फुकट बघता येतात. पैसे देऊन माणूस लावायचाच असेल तर ॲक्रेडिटेड जिनिऑलॉजिस्ट्स आयर्लंड या वंशावळ शोधणाऱ्यांच्या संघटनेची यादी बघा, आणि यादीतल्या पत्त्यावर तुम्ही स्वतः ईमेल करा, कारण "मी मेंबर आहे" हे मला फसवणारा पण म्हणालाच होता.

जानेवारीत एका रविवारी मी आणि सासरे लॅपटॉप घेऊन बसलो. ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, १८४७ ते १८६४ मध्ये झालेली जमिनीची मोजणी आणि आकारणी, तीही फुकट. साठ हजारांच्या वर टाउनलँड आहेत या देशात, आपल्या शिवारासारखं समजा, आणि त्यांचा टाउनलँड मला जन्मदाखल्यावरूनच माहीत होता. तिथे एका ओळीत नाव सापडलं. कूळ म्हणून त्यांच्या खापरपणजोबांचं, शेजारच्या रकान्यात जमीनदाराचं, आणि पुढे "घर, ऑफिसेस आणि जमीन", ११ एकर आणि काही रूड (एक रूड म्हणजे पाव एकर). ऑफिसेस म्हणजे गोठे, खोपटी. लीज-बीज काही नाही, साधं कूळ. सासऱ्यांनी ते नाव तीनदा मोठ्याने वाचलं, मग मला प्रिंट काढायला लावली आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

गुरुवारी मला परत पोलीस स्टेशनला बोलावलंय, नवीन ऑफिसर आलाय म्हणे. ४६ पानं परत प्रिंट केलीत. फ्रेम पण घेऊन जाणार आहे, आणि या वेळी सासरे सोबत येतायत, जन्मदाखला घेऊन.