८२ किलोंच्या पहारेकऱ्याची गादी

आमचा भीमा इंग्लिश मॅस्टिफ जातीचा कुत्रा, वजन ८२ किलो, वय साडेचार. ही जात जेमतेम ६ ते १० वर्षं जगते, म्हणजे स्वारी मध्यमवयीनच. एवढं धूड बसताना टेकत नाही, धपकन पडतं, आणि आधी आपटतात ती कोपरं. तिथले केस जाऊन भेगाळलेले घट्टे पडले होते. असंच आपटत राहिला तर कोपरात पाणी धरेल, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा ही फोमची गादी मागवली. आठ महिने झाले.

फोमबद्दल तक्रार नाही. कुत्रा झोपलेला असताना त्याच्या कोपराखाली हात सरकवून बघायचं, एवढीच परीक्षा. जुन्या गादीत बोटांना सरळ फरशी लागायची, हिच्यात अजून लागत नाही. वरचा थर मऊ, खालचा कडक. खरं वजन पेलतो तो खालचाच. घट्टे आहेत तसेच आहेत, पण भेगा भरल्या आणि सूज आली नाही.

माप घेताना ‘एक्स्ट्रा लार्ज’वर विसंबू नका. मी वजनाच्या तक्त्यावरून मागवली, तर मागचे पाय बाहेर! बदलून घ्यावी लागली. कुत्रा पसरून झोपला की नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा, वर वीतभर धरा.

खोळ वॉटरप्रूफ म्हणे. मॅस्टिफची लाळ थेंबांनी गळत नाही, तिच्या तारा लोंबतात. कापडाने ती अडवली, पण चेनीने आत सोडली. दोन महिन्यांत फोमला वास. आता चेनीची बाजू भिंतीकडे आणि तोंडाखाली जुना टॉवेल. रेटिंगमधला एक तारा कापला तो यासाठी.

गादी आधी बेडरूमच्या कोपऱ्यात टाकली होती. भीमाने हुंगली आणि दारात फरशीवर जाऊन झोपला. तो उगाच भुंकत नाही. अनोळखी माणूस आला की नुसता उठून त्याच्या आणि आमच्या मध्ये उभा राहतो. त्यासाठी दार नजरेत हवं ना! दार आणि जिना दोन्ही दिसतील अशी सरकवली, त्याच रात्री चढला. उकाड्यात मात्र अजूनही फरशीच, कारण फोम तापतो.

पिल्लू असेल तर थांबा. जुन्या गादीत तो फरशीला का टेकायचा? निम्मा फोम भीमाने लहानपणीच हॉलभर पसरला होता.