रो आधी लॉक करायची की लिहिताना व्हर्जन तपासायचं?

साठ्याच्या टेबलमधल्या एका रोमध्ये (ओळीत) एका वस्तूचे 10 नग शिल्लक आहेत. एकाच वेळी दोन रिक्वेस्ट येतात, एकीला 3 नग हवेत, दुसरीला 4. दोघी रो वाचतात, दोघींना 10 दिसतात आणि वजाबाकी ॲप्लिकेशनमध्ये होते. पहिली 7 लिहिते, दुसरी त्यावर 6 लिहिते. उरायला हवे होते 3. एरर कुठेच येत नाही, म्हणून हा घोळ कळतो तोही फार उशिरा. दोन्ही कामं ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं एकत्र पक्कं किंवा एकत्र रद्द होणाऱ्या गटात) असली म्हणून तो टळत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डीफॉल्ट रीड कमिटेड आयसोलेशनवर (ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची याची पातळी) तो होतो आणि मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन असलेल्या इनोडीबीच्या डीफॉल्ट रिपीटेबल रीडवरही होतो.

उपाय दोन: रो आधीच लॉक करून इतरांना थांबवणं, किंवा रोवर व्हर्जन क्रमांक ठेवून लिहिताना तो बदलला नाही ना हे तपासणं. लॉक की व्हर्जन हे ठरवण्याआधी एक पाहा: नवा आकडा एसक्यूएलमध्येच (डेटाबेसच्या भाषेत) काढता येते का? येत असेल तर दोन्हींची गरज नाही.

अपडेट साठा सेट नग = नग - 3 व्हेअर आयडी = 42 अँड नग >= 3

अपडेट चालू असताना डेटाबेस ती रो स्वतःच लॉक करतो. दुसरी रिक्वेस्ट थांबते आणि तिची पाळी आली की अट ताज्या आकड्यावर तपासली जाते. किती रो बदलल्या तेवढं बघायचं. 1 आली तर काम झालं, 0 आली तर माल पुरेसा नाही. जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये एफ एक्स्प्रेशनने हेच लिहिता येतं. शिल्लक, काउंटर, स्टेटस बदलणं अशी बरीच कामं एवढ्यात भागतात, तरी लोक थेट लॉककडे धावतात.

वाचणं आणि लिहिणं यांच्या मध्ये खरंच लॉजिक असेल, म्हणजे चार नियम तपासायचे असतील किंवा दोन-तीन टेबलं मिळून निर्णय घ्यायचा असेल, तर सिलेक्ट फॉर अपडेट (वाचतानाच रो लॉक करणारी क्वेरी) चांगलं. कोड सरळ वाचता येतो आणि रो हातात आली की कमिटपर्यंत (बदल पक्के होईपर्यंत) ती दुसरं कोणी बदलणार नाही याची खात्री असते. किंमत मोजतात ते रांगेत थांबलेले. म्हणून लॉक धरून पेमेंट गेटवेला कॉल करू नका, ईमेल पाठवू नका. पोस्टग्रेसमध्ये लॉक टाइमआउट डीफॉल्टने 0 आहे, म्हणजे वाट पाहण्याला मर्यादाच नाही. इनोडीबी 50 सेकंद थांबतो, आणि टाइमआउट झाल्यावर डीफॉल्टने फक्त ते एक स्टेटमेंट मागे घेतो. ट्रान्झॅक्शन आणि आधी घेतलेले लॉक तसेच राहतात; रोलबॅक, म्हणजे सगळे बदल रद्द, आपणच करायचा.

इनोडीबीवर आणखी एक सांभाळा. व्हेअरमधल्या कॉलमवर इंडेक्स (रो पटकन शोधून देणारी सूची) नसेल तर शोधताना स्कॅन झालेल्या सगळ्या रो लॉक होतात. एक रो धरायला जाता आणि अख्खं टेबल अडतं. पोस्टग्रेसमध्ये अडचण वेगळी आहे. पालक टेबलची रो फॉर अपडेटने धरली, की फॉरेन कीने (दुसऱ्या टेबलच्या रोचा संदर्भ देणाऱ्या कॉलमने) तिच्याकडे बोट दाखवणारे इन्सर्टही थांबतात. रोची की (तिची ओळख सांगणारा कॉलम) बदलायची नसेल तर फॉर नो की अपडेट पुरतं.

आणि डेडलॉक. एक ट्रान्झॅक्शन आधी रो 1 मग 2 धरतं, दुसरं आधी 2 मग 1, आणि दोघं अडकतात. डेटाबेस एकाला मारून दुसऱ्याला सोडवतो. रो नेहमी आयडीच्या क्रमाने लॉक करा, आणि तरीही रिट्राय (पुन्हा प्रयत्न) लिहाच. ‘लॉक घेतला की रिट्राय लागत नाही’ हा समज मोडायला हवा.

व्हर्जनची पद्धत माणूस मध्ये असतो तिथे जिंकते. कोणी फॉर्म उघडून अर्धा तास विचार करत असेल, तर तेवढा वेळ ट्रान्झॅक्शन उघडं ठेवणं शक्यच नाही. रोमध्ये व्हर्जन कॉलम ठेवायचा, अपडेटच्या अटीत ‘व्हर्जन = 5’ घालायचं आणि त्याच अपडेटमध्ये तो 6 करायचा. 0 रो बदलल्या म्हणजे मधल्या काळात कोणीतरी ती रो बदलली. हायबरनेट (जावा) आणि रेल्स (रुबी) या फ्रेमवर्कमध्ये ही सोय तयार आहे. मात्र फॉर्म उघडताना वाचलेलं 5 हे फॉर्मबरोबर जाऊन परत यायला हवं. सबमिटच्या वेळी सर्व्हरने रो नव्याने वाचून तिचंच व्हर्जन अटीत घातलं, तर तपासणी नेहमी पास होते आणि दुसऱ्याचा बदल गुपचूप पुसला जातो. तसंच, व्हर्जन न वाढवता टेबलवर लिहिणारी एखादी स्क्रिप्ट असेल तर सगळी शिस्त वाया.

एकाच रोवर सतत झुंबड असेल तर व्हर्जन नको. हरलेल्यांनी पुन्हा वाचायचं, पुन्हा हिशोब करायचा, पुन्हा हरायचं. तिथे लॉकची रांग स्वस्त पडते. जॉब क्यूसाठी (करायच्या कामांच्या यादीसाठी) मात्र रांगही नको. लॉक झालेल्या रो ओलांडून पुढच्या घेणारं स्किप लॉक्ड वापरा, पोस्टग्रेस 9.5 आणि मायएसक्यूएल 8.0 पासून ते आहे.

निवड काहीही असो, टेस्ट खऱ्या डेटाबेसवर चालवा. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये रो लॉक नाहीत, आणि जँगोचं सिलेक्ट फॉर अपडेट तिथे काहीही न करता पुढे जातं. टेस्ट हिरव्या दिसतात आणि तपासलेलं काहीच नसतं. दोन कनेक्शन उघडा, पहिल्यात बिगिनने ट्रान्झॅक्शन सुरू करून रो धरा, दुसऱ्यात तीच रो मागा. दुसरं थांबलं पाहिजे आणि पहिल्याने कमिट करताच नवा आकडा घेऊन पुढे सरकलं पाहिजे. थांबलंच नाही, तर बहुतेक पहिलं कनेक्शन ऑटोकमिटवर (प्रत्येक स्टेटमेंट आपोआप कमिट) आहे आणि लॉक घेतल्या घेतल्या सुटला आहे.