वेळा जुळवणारं ॲप: ऑगस्टपासूनचा अनुभव आणि न मिळालेला अर्धा तास

मार्चमध्ये या ॲपने माझ्या शनिवारच्या वर्गाचा जो खेळखंडोबा केला, तो केला नसता तर मी हे लिहायला बसलेच नसते. ॲपचं नाव घेत नाही, कारण पैशांची तक्रार अजून त्यांच्याकडे पडून आहे आणि तिचा निकाल लागेपर्यंत चारचौघांत नाव घेणं मला बरं वाटत नाही. वापरणारे वर्णनावरून ओळखतील. शहरं एकाखाली एक, दिवसाचे तास पिवळे, झोपेचे निळे, वर स्लायडर, आणि समोरच्याला पाठवायची लिंक.

मी गिरगावात पेटी शिकवते. निम्मे विद्यार्थी आजूबाजूच्या वाड्यांमधले, निम्मे ऑनलाइन. ऑनलाइनवाल्यांतली बरीच मुलं न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणारी, काही लंडनजवळ हॅरोला, काही मेलबर्नला. एकेकट्याचा वर्ग असला की वेळ फोनवर ठरते आणि काही अडत नाही. पंचाईत होते ती सगळ्यांना एकत्र बसवायचं असतं तेव्हा. गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला होते. त्याआधी तिन्हीकडच्या मुलांकडून आरत्यांची साथ बसवून घ्यायची होती, म्हणून हे ॲप उतरवलं. तेव्हा फुकटचं.

तिथेच पहिला खडा लागला, आणि तो आजतागायत निघालेला नाही. स्लायडर फक्त पूर्ण तासावर थांबतो. मुंबईचे चार ठेवले की एडिसनला सकाळचे साडेसहा, लंडनला साडेअकरा, मेलबर्नला रात्रीचे साडेआठ. पाच ठेवले की साडेसात, साडेबारा, साडेनऊ. मला हवे होते साडेचार. म्हणजे एडिसनला बरोबर सात, लंडनला दुपारचे बारा, मेलबर्नला रात्रीचे नऊ. तिन्ही घरांना सोयीची, लक्षात राहणारी वेळ. नेमकी तीच या स्लायडरवर नाही.

ही काही अडनिडी गरज नाही. आपली प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, कारण ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर धरलेली आहे. लंडन, न्यूयॉर्क, सिंगापूर, दुबई, टोकियो ही सगळी पूर्ण तासांची गावं. तेव्हा तिकडच्या कुणाचीही पूर्ण तासाची वेळ आपल्याकडे साडे लागूनच येणार. ऑफिसवाल्यांना विचारा, परदेशी माणसांबरोबरची त्यांची मीटिंग साडेसात, साडेआठ, साडेनऊ अशीच असते. म्हणजे भारतात बसून ज्या वेळा सर्वांत जास्त लागतात, त्याच यात गाळलेल्या आहेत. काळ्या पट्ट्या काढून टाकलेली पेटी हातात द्यावी तसं हे आहे. माझ्या ओळखीत अपवाद एकच, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचं एक कुटुंब. त्यांची वेळ ग्रिनिचच्या साडेनऊ तास पुढे, त्यामुळे त्यांचं आपल्याशी पूर्ण तासांत जमतं. नेपाळ तर पावणेसहा तासांवर आहे. काठमांडूत बसून हे ॲप कुणी कसं वापरत असेल कोण जाणे.

वाट एक आहे. आपलं मूळ शहर म्हणून लंडन टाकायचं. मग स्लायडर लंडनच्या पूर्ण तासांवर थांबतो आणि मुंबईच्या ओळीत साडेचार, साडेपाच दिसायला लागतात. मी महिनोन् महिने तसंच वापरलं. पण मग ॲप मला लंडनमध्ये राहणारी समजतं. पहाटे साडेचारला आठवण पाठवतं, आणि झोपेचे निळे तास लंडनचे दाखवतं.

शहरांच्या यादीत मुंबई शोधली की कोलकाता पुढे येतं, ही तक्रार बरेच जण करतात. त्यात ॲपचा दोष नाही. बहुतेक फोन आणि संगणक वेळेच्या नियमांसाठी एकच सार्वजनिक कोश वापरतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला, आता पॉल एगर्ट सांभाळतात, आणि २०११पासून तो इंटरनेटची नावं आणि क्रमांक सांभाळणाऱ्या आयएएनए या संस्थेच्या छत्राखाली आहे. १९७०नंतर ज्या भागांतली घड्याळं कायम सारखी चालली, त्यांची त्यात एकच नोंद असते, आणि आपल्या नोंदीला कोलकात्याचं नाव आहे. मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. १ जानेवारी १९०६पासून प्रमाणवेळ आली तरी शहराने आपली जुनी वेळ लगेच सोडली नाही, ती १९५५पर्यंत चालली. १९७०च्या आधीच ती संपल्यामुळे कोशात मुंबईला वेगळी जागा नाही. गिरगावकर म्हणून मला हे थोडं लागतं, पण ॲपला बोल लावण्यासारखं त्यात काही नाही.

ऑक्टोबरमध्ये मात्र ॲपने मन जिंकलं. मेलबर्नचं घड्याळ ५ ऑक्टोबरला एक तास पुढे गेलं, लंडनचं २६ तारखेला मागे आलं, न्यू जर्सीचं २ नोव्हेंबरला मागे आलं. आपलं कधीच हलत नाही. या तिन्ही बदलांच्या आठवडाभर आधी ॲपने वर पट्टी दाखवली: अमुक शहर अमुक रविवारी बदलणार, तुमच्या या या वेळा सरकतील. त्या एका पट्टीने माझा किती जीव वाचवला! आधी दरवर्षी त्या काळात पालकांचे मेसेज यायचे, ‘ताई, आज आपला क्लास नेहमीच्याच वेळेला ना?’ आणि ‘नेहमीची’ म्हणजे कुणाची, हे आधी विचारावं लागायचं. त्या हंगामात एकही वर्ग चुकला नाही. जानेवारीत आणि जुलैत मुंबई लंडन आणि मेलबर्नच्या अगदी मधोमध असते, हेही या पडद्यावर पाहूनच माझ्या ध्यानात आलं. जानेवारीत दोघांपासून साडेपाच तास, जुलैत साडेचार. घोळ होतो तो फक्त मधल्या आठवड्यांत, आणि ते आठवडे हे ॲप उत्तम दाखवतं.

त्याच खुशीत जानेवारीत वर्षाचे पैसे भरले. रक्कम डॉलरमध्ये कापली गेली, त्यावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क, त्या शुल्कावर जीएसटी. हे सगळं धरून एका मुलाच्या महिन्याच्या फीपेक्षा जास्त गेले. मी सहजासहजी वर्गणी भरणारी नाही. फुकटात जे मिळत होतं त्यात माझं भागतही होतं. पैसे भरले ते एकाच सोयीसाठी: दर आठवड्याच्या वर्गाची मालिका एकदा लावायची आणि प्रत्येक पालकाला त्याच्या वेळेत आपोआप मेल जायचा.

एडिसनचा गट शनिवारी त्यांच्या सकाळी आठला बसतो. हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, त्यांचं घड्याळ पुढे गेलं की साडेपाच. मालिका लावताना मी शहर म्हणून एडिसनच टाकलं होतं. ८ मार्चला तिकडची घड्याळं पुढे गेली. १३ तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी मला आठवण आली: उद्या साडेसहा. बघताक्षणी मला कळलं की हे चूक आहे, साडेपाच हवेत. पण तोवर पालकांनाही मेल गेला होता, उद्याचा वर्ग सकाळी नऊला. माझ्या नावाने. सोबत कॅलेंडरची नोंद, तीही नऊचीच. मी लगेच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिहिलं की आठच, मेलकडे लक्ष देऊ नका. काहींनी वाचलं, काहींनी मेलवर विश्वास ठेवला, आणि त्यांचा तरी काय दोष, मेल ताईंच्या नावाने आलेला. शनिवारी साडेपाचला निम्मी मुलं आली. भूपाचे अलंकार घेऊन संपत आले तेव्हा साडेसहाला उरलेली निम्मी पडद्यावर उगवली, आणि मी तोच वर्ग पुन्हा घेतला. त्यानंतरचा वाडीतल्या मुलांचा वर्ग रद्द करावा लागला. ती मुलं पेटीच्या वह्या घेऊन दारात उभी होती.

ॲपने शहर विचारून घेतलं, पण आत साठवताना शहराऐवजी ‘ईएसटी’ साठवलं. ईएसटी ही तिकडची हिवाळ्याची वेळ, ग्रिनिचच्या पाच तास मागे, कायमची. शहराची वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. ईएसटी जागची हलत नाही. जो फरक दाखवणारी पट्टी हे ॲप इतक्या हौसेने काढतं, तोच त्याच्या मालिकेला माहीत नव्हता. असली आद्याक्षरं मेलमध्ये घालणं मुळातच धोक्याचं. आपल्या वेळेला आयएसटी लिहितात, आयर्लंडच्या उन्हाळी वेळेलाही आयएसटी लिहितात आणि इस्रायलच्या वेळेलाही. डब्लिनच्या कुटुंबाला ‘५:३० आयएसटी’ असा मेल गेला तर त्यांनी काय समजायचं? शहराचं नाव लिहा, प्रश्नच मिटतो.

आता सेवेबद्दल. मदतीच्या पानावर लिहिलं होतं, चॅट ९ ते ५. कुठले ९ ते ५, हे लिहिलेलं नाही. जगाच्या वेळा सांगणं हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या पानावर! शोधता शोधता कळलं की ती कॅलिफोर्नियाची वेळ आहे, म्हणजे मार्चमध्ये आपल्याकडे रात्री साडेनऊ ते पहाटे साडेपाच. मी रात्री घरातली निजानीज झाल्यावर बसले. पलीकडच्याने पहिलाच प्रश्न विचारला, तुमच्या फोनचा टाइमझोन बरोबर आहे का तपासा. चित्रं पाठवली, मेलची प्रत पाठवली, पालकांकडे गेलेली कॅलेंडरची नोंद पाठवली. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. मी वर्षाच्या वर्गणीचा चौथा हिस्सा परत मागितला, कारण ज्या सोयीसाठी पैसे दिले ती मोक्याच्या वेळी उलटली. त्यांनी एक महिना जास्तीचा देऊ केला. मला महिना नको आहे, पैसे हवेत. रद्द झालेल्या वर्गाची फी मी वाडीतल्या मुलांना परत केली आहे.

इथवरचं मी मार्चअखेरीस लिहून ठेवलं होतं, आणि त्या दिवशी मी यांना पाचातला एक तारासुद्धा दिला नसता. मग एप्रिलच्या सुरुवातीला ॲपचं अपडेट आलं. आता मालिका लावताना ते विचारतं, वेळ कुठल्या शहराच्या घड्याळाला बांधायची? हा नेमका प्रश्न आहे, आणि तो विचारायचं फार थोड्या ॲपना सुचतं. मुलांच्या वर्गाची वेळ मुलांच्या शहराला बांधायची, त्यांची न्याहारी आणि शाळा सांभाळायची, आणि सरकायचं आपण. पालकांच्या सभेची वेळ मी मुंबईला बांधते. मेलबर्नचं घड्याळ ५ एप्रिलला मागे आलं. मी आदल्या रात्रीपर्यंत धास्तावलेली होते. सगळे मेल बरोबर गेले, आद्याक्षरांच्या जागी शहरांची नावं आली, आणि मेलबर्नच्या छोटीची आजी पेटीसमोर तिच्याआधी येऊन बसली होती. तेव्हा माझं मत बदललं आहे. बिघाड मोठा होता, पण दुरुस्ती मुळापासून केली आहे, आणि ते मी मोकळेपणाने सांगते.

तरीही पैसे भरावेत का? फक्त तुमचे स्वतःचे वर्ग किंवा मीटिंगा असतील तर नको. गूगल कॅलेंडरमध्ये नोंद करताना टाइमझोन निवडता येतो. तिथे न्यूयॉर्क निवडून दर शनिवारी सकाळी आठ लावा, मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये ते आपोआप तुमच्याकडे सरकतं. मी घोळानंतर तपासून पाहिलं, बिनचूक. सेटिंगमध्ये दुसरा टाइमझोन चालू केला की दोन वेळा शेजारी शेजारी दिसतात. तीन-चार शहरांची एकत्र वेळ काढायला टाइम अँड डेट या संकेतस्थळाचा मीटिंग प्लॅनर आहे, रंगांसकट, एक पैसा न देता. या ॲपचं खरं मोल पालकांच्या लिंकमध्ये आहे. ती उघडली की त्यांना त्यांचीच वेळ दिसते, काही उतरवावं लागत नाही, आणि नातवंडांना घेऊन बसणाऱ्या आजी-आजोबांनाही ती कळते. गट मोठा असेल, माणसं तीन देशांत असतील आणि दर आठवड्याचं काम असेल, तरच विचार करा. तेव्हाही सुरुवातीला महिन्याची वर्गणी घ्या, वर्षाची नको, आणि पहिला मार्च स्वतः डोळ्यांत तेल घालून बघा.

अपडेट आलं त्या दिवशी मी सर्वांत आधी स्लायडर ओढून पाहिला होता. चार, पाच, सहा. साडेचार अजूनही नाहीत. मी त्यांना दोनदा लिहिलं. उत्तर आलं, सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. भारतातून इतके लोक वापरतात, सगळ्यांची वेळ साडेपाचवर, आणि स्लायडरला अर्ध्या तासाचा थांबा द्यायला इतका विचार कसला करावा लागतो ते मला खरंच समजत नाही. मालिकेसारखी अवघड गोष्ट यांनी दोन-तीन आठवड्यांत सुधारून दाखवली, हे त्याहून सोपं आहे.

तूर्त आपोआप होणारं नूतनीकरण मी बंद केलं आहे. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत, आरत्यांची तालीम ऑगस्टच्या सुरुवातीला धरायची आहे, आणि वेळ गेल्या वर्षीचीच, संध्याकाळी साडेचार. तोवर स्लायडर साडेचारला थांबायला लागला, तर पुढच्या जानेवारीत मी पुन्हा पैसे भरेन. तसं त्यांना मेलमध्ये लिहून कळवलंही आहे.