उबुंटू २२.०४ वरून २४.०४: विंडोज शेजारी असताना अपग्रेडर कितपत भरवशाचा?

पुण्यात इंजिनिअरिंगच्या मुलांकडे एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम) असणं नेहमीचंच. अपग्रेडसाठी मशीन दुकानात नेलं की बरेचदा "फॉरमॅट मारून देतो" हेच ऐकायला मिळतं. त्याची गरज नसते. उबुंटूचा स्वतःचा अपग्रेडर हे काम नीट करतो. पाचपैकी चार गुण. एक कापला, कारण खऱ्या धोक्याबद्दल तो अवाक्षरही काढत नाही.

तो धोका बिटलॉकरचा, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचा. अपग्रेडर विंडोजच्या पार्टिशनला हात लावत नाही, पण ईएफआय पार्टिशनमधले (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा छोटा भाग) शिम आणि ग्रब हे बूट प्रोग्रॅम बदलतो. ग्रब म्हणजे सुरुवातीला उबुंटू की विंडोज असं विचारणारा मेनू. बूटची साखळी बदलली की टीपीएम (किल्ली जपणारी मशीनमधली चिप) किल्ली देईलच असं नाही, आणि मग विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागत बसतं. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा. होम आवृत्तीतही डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असू शकतं, तिथे की सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. मग बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरता स्थगित) करा आणि थेट उबुंटूत जा. मध्येच विंडोज उघडलं तर संरक्षण आपोआप पुन्हा चालू होतं आणि केलेलं फुकट जातं. विंडोजमधला फास्ट स्टार्टअपही बंद करा. तो चालू असला की विंडोज पुरतं बंद होत नाही, त्याची ड्राइव्ह अर्धवट झोपेत राहते आणि उबुंटूतून तीवर लिहिता येत नाही.

बॅकअपला टाइमशिफ्ट हा प्रोग्रॅम चांगला, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा: होम फोल्डर (तुमच्या स्वतःच्या फाइली) तो सांगितल्याशिवाय घेत नाही, आणि एनटीएफएस (विंडोजच्या फॉरमॅटच्या) डिस्कवर स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची प्रत, ठेवत नाही. बाहेरच्या डिस्कवर एक्स्ट४ (लिनक्सच्या फॉरमॅटचं) पार्टिशन लागतं. २४.०४ चा लाइव्ह पेनड्राइव्हही (ज्यावरून उबुंटू थेट सुरू होतं) हाताशी हवा. त्याची आयएसओ फाइल ६ जीबीच्या आसपास आहे, तेव्हा पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तापकीर गल्लीतून, ८ जीबीचा आणला तरी भागतं. चार्जर लावूनच बसा.

अपग्रेड सुरू करण्याआधी २२.०४ चे सगळे अपडेट पूर्ण करून एकदा रीस्टार्ट करा. वाटेत ग्रबच्या सेटिंगची फाइल बदलू का, असा प्रश्न येऊ शकतो. तिथे आपली जुनी फाइल ठेवा. नवी स्वीकारली तर ओएस-प्रोबर (इतर सिस्टिम शोधून मेनूत घालणारा प्रोग्रॅम) चालू ठेवणारी ओळ जाते आणि मेनूतून विंडोज गायब होऊ शकतं. अशा वेळी घाबरून काही पुसू नका, विंडोज जागेवरच असतं. त्या फाइलमध्ये ओएस-प्रोबर बंद ठेवणाऱ्या पर्यायापुढे "फॉल्स" लिहा, टर्मिनलमध्ये अपडेट-ग्रब ही आज्ञा चालवा, नाव परत दिसतं. तोवर लॅपटॉपच्या बूट मेनूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडून थेट आत जाता येतं.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि सिक्युअर बूट (फक्त सही केलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) दोन्ही असतील तर रीस्टार्टनंतर एक निळा पडदा येऊ शकतो. तिथे 'एनरोल मॉक' (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणारा पर्याय) निवडून अपग्रेडच्या वेळी ठरवलेला पासवर्ड टाका. नुसतं 'कंटिन्यू' दाबलं की ड्रायव्हर लोड होत नाही, आणि लोक बिचाऱ्या अपग्रेडला दोष देतात.

बाहेरून जोडलेल्या पीपीए रिपॉझिटरी (उबुंटूबाहेरच्या लोकांचे सॉफ्टवेअर साठे) अपग्रेडर बंद करून ठेवतो. त्या घाईने एकदम चालू करू नका. प्रत्येकीत २४.०४ साठी पॅकेज आहे का ते पाहा आणि एकेक जोडा.