विनिपेग फोक फेस्टिव्हल: दुपारी जा, संध्याकाळची वाट बघू नका

कॅनडातल्या विनिपेग शहराच्या या लोकसंगीत महोत्सवाचा चार दिवसांचा पास काढला आणि पहिल्याच दिवशी माझा पोपट झाला. म्हटलं मोठे कलाकार मेन स्टेजवर संध्याकाळी, मग उन्हातान्हात आधी जाऊन करायचं काय, म्हणून पाचला पोचलो आणि जे चुकवलं तेच तर इथलं खरं सोनं निघालं.

दिवसा छोट्या स्टेजवर वर्कशॉप असतात. नावावरून वाटतं कुणी शिकवणार, तसलं काही नाही. तीन-चार कलाकार, कधीकधी एकमेकांना आधी भेटलेलेसुद्धा नसतात, एकत्र बसवतात, एकाने गाणं धरायचं आणि बाकीच्यांनी अंदाज घेत घेत साथीला घुसायचं. कधी पार विस्कटतं. पण जमलं ना की अंगावर काटा, आपल्याकडं भजनात नवखा पेटीवाला अचानक सूर पकडतो तसं. मेन स्टेजही छान आहे हो, पण तसं कुठंही ऐकायला मिळतं.

दुसरी गोष्ट व्हॉलंटियर. हजारोंच्या संख्येत आहेत, गेट, पार्किंग, कचरा वेगळा करणं, स्टेजमागची धावपळ, सगळं तेच बघतात, आणि त्यांना जेवू घालायला किचनमध्ये परत व्हॉलंटियरच! १९७४ ला शहराच्या शंभरीनिमित्त मिच पोडोलक, अ‍ॅव्हा कोब्रिन्स्की आणि कॉलिन गोरी या तिघांनी हा फेस्टिव्हल सुरू केला, एन्ट्री फुकट आणि बेत एकदाच करायचा होता, आता ५० वर्षं उलटून गेली. पोडोलक नंतर व्हँकुव्हरचा फेस्टिव्हल उभा करण्यातही होता, तो १९७८ चा.

रात्री गाडी कुठं लावली तेच आठवेना. पार्किंगवरच्या सत्तरीच्या एका आजींनी टॉर्च घेऊन अख्खं मैदान माझ्याबरोबर पालथं घातलं, वर मलाच विचारतात, आज काय काय ऐकलंस? मी काय सांगणार, कपाळ.

फेस्टिव्हल भरतो ते बर्ड्स हिल पार्क शहराबाहेर आहे आणि डास जबरदस्त, पूर्ण बाह्यांचे कपडे न्याच. बसायला ताडपत्री हवी, आम्ही चादर नेली आणि ती ओली झाली.

पुढच्या वेळी पार्किंगच्या क्रूला नाव देईन म्हणतोय. बायको म्हणते, आधी स्वतःची गाडी शोधायला शिक.