एसए-10 की डीपी-450? तानपुरा सुरू झाल्यावरची पहिली दहा मिनिटं

गेल्या काही दिवसांत ओळखीतल्या दोघांनी एकच प्रश्न विचारला. घरात पाच-सहाशे सीडी आहेत, स्ट्रीमिंगवर मन रमत नाही, आता एकच चांगला प्लेयर घ्यायचा आणि विषय मिटवायचा, तर मॅरँट्झचा एसए-10 घेऊ की ॲक्युफेजचा डीपी-450? मी स्वतः याच दोघांमध्ये सात-आठ महिने अडकलो होतो म्हणून सविस्तर लिहितो. कुठल्या चिपवर काय चालतं, डिस्टॉर्शन किती, हे आकडे सगळीकडे मिळतात आणि या किमतीत दोन्हीकडे ते इतके चांगले असतात की त्यावरून निर्णय होत नाही. माझा तरी झाला नाही. माझा निर्णय वेगळ्याच गोष्टीवरून झाला, आणि ती आधी सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

माझ्याकडे आधी जो प्लेयर होता त्याचं नाव घेत नाही, कारण दोष कदाचित माझ्याच पीसमध्ये असेल. ऐकायला तो खरंच उत्तम होता. पण रात्री साडेदहानंतर पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, डिस्क टाकली, तानपुरा सुरू झाला, की पहिला सा लागायच्या आधी रॅककडून एक बारीक सूंऽऽ यायचं. स्पीकरमधून नाही, डब्यातून. पहिल्यांदा वाटलं फ्रिज असेल, उठून फ्रिज बंद करून आलो. मग राउटरचा ॲडॅप्टर काढून बघितला. शेवटी प्लेयरच्या झाकणावर तळहात ठेवला तेव्हा ती थरथर हाताला लागली. त्यानंतर मला त्या डब्याकडे कान न देता गाणं ऐकताच येईना. किशोरीताई (आमोणकर) मंद्रात एका स्वराभोवती फिरतायत आणि मी त्या सूंचा स्वर कुठला ते शोधतोय. तो षड्जाच्या जरासा वर होता, जुळतही नव्हता आणि लांबही नव्हता, त्याचाच जास्त त्रास. आणि डिस्क जसजशी पुढे जायची तसा तो हळूहळू खाली उतरायचा.

का उतरायचा ते नंतर लक्षात आलं. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि लेझरखालून जाणारा वेग सारखा ठेवायचा असतो, त्यामुळे डिस्क आतल्या बाजूला मिनिटाला साधारण 500 फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला पोचेपर्यंत 200 वर येते. म्हणजे मोटार सगळ्यात जोरात फिरते ती अगदी सुरुवातीला. रॉक ऐकणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, पहिल्याच सेकंदाला ड्रम्स सुरू होतात. आपल्याकडे मात्र सुरुवात म्हणजेच तानपुरा आणि आलाप, तासाभराच्या रागातला सगळ्यात शांत भाग, आणि नेमका तेव्हाच प्लेयर सगळ्यात जास्त बोलतो. द्रुत येईपर्यंत तो गप्प झालेला असतो पण तेव्हा त्याचा उपयोग काय.

रबरी पाय लावले, खाली ग्रॅनाइटची लादी ठेवली, रॅक बदलला. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं आणि मेकॅनिझम ठीक आहे, एवढं असतंच म्हणाला. असेलही. पण दुसरा प्लेयर बघायला निघालो ते त्या दिवसापासून, आणि प्रत्येक ठिकाणी पहिली परीक्षा हीच घेतली.

एसए-10 मी एका मित्राकडे दोन रविवार ऐकला, डिस्क माझ्या. आवाजाबद्दल बोलायचं तर हा मोठा प्लेयर आहे. डग्ग्याचा घुमारा, नाट्यसंगीतात ऑर्गनचं भरलेपण, मल्लिकार्जुन अण्णांच्या (मन्सूर) आवाजातला जोर, हे सगळं अंगावर येतं, चांगल्या अर्थाने. यात बाजारातली तयार डॅक चिपच नाही (डॅक म्हणजे डिजिटलचं ॲनलॉग करणारा भाग), मॅरँट्झ येणारं सगळं आधी डीएसडीत, म्हणजे एसएसीडीवर वापरतात त्या एका बिटच्या वेगवान डिजिटल स्वरूपात, बदलून घेतं आणि मग ॲनलॉग करतं. त्याचाच परिणाम की कशाचा ते मी सांगू शकत नाही, पण वरच्या पट्टीत कुठेही कडा टोचत नाही. 90च्या दशकातल्या आपल्या काही सीडी फार चकचकीत रेकॉर्ड केल्यात, सतार पत्र्यासारखी वाजते, त्या इथे सुसह्य होतात. शिवाय एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, साध्या सीडीपेक्षा वरचा फॉरमॅट) वाजते, हेडफोनची सोय आहे, यूएसबी आहे. मेकॅनिझमची तक्रार म्हणाल तर मला तिथे तरी काही जाणवली नाही. 2024 मध्ये त्याच्या जागी मॅरँट्झचाच एसएसीडी 10 नावाचा प्लेयर आला, त्यामुळे आता एसए-10 घेणारा बहुतेक वापरलेलाच शोधत असतो. नीट वापरलेला, बिल-खोक्यासकट मिळाला तर नाही म्हणायला मन होणार नाही.

मग मी का नाही घेतला? एक तर एसएसीडी. माझ्याकडच्या साडेपाचशे डिस्कमध्ये एसएसीडी मोजून चार, चारही पाश्चात्त्य. हिंदुस्थानी संगीत त्या फॉरमॅटमध्ये माझ्या हाताला जवळजवळ लागलंच नाही. अलूरकर, नवरस, निंबस या रेकॉर्ड कंपन्यांच्या ज्या डिस्क मी जिवापाड सांभाळल्यात त्या सगळ्या साध्या सीडी. एसएसीडी सीडीपेक्षा बऱ्याच जास्त वेगात फिरवावी लागते, म्हणजे तो प्लेयर मुळात दोन प्रकारच्या कामासाठी बांधलेला असतो, आणि मला त्यातलं एकच काम हवं होतं. ज्यांच्याकडे पाश्चात्त्य क्लासिकल आणि जाझच्या एसएसीडी रांगेने आहेत त्यांनी इथेच वाचणं थांबवून मॅरँट्झ घ्यावा, मी मनापासून सांगतो.

डीपी-450 फक्त सीडीचा प्लेयर. ॲक्युफेज ही जपानमधल्या योकोहामाची कंपनी, 1972 पासून हाय-फाय यंत्रंच बनवते. पहिल्यांदा ऐकायला बसलो तेव्हा ट्रे आत गेला, शेवटी एक हलकं टप् झालं आणि मग काहीच नाही. मी दुकानदाराला ॲम्प म्यूट करायला सांगितलं, एसी बंद करायला लावला आणि वाकून कान झाकणाजवळ नेला. वीतभर अंतरावरून काही ऐकू आलं नाही. मग म्यूट काढला आणि तानपुरा आला, चारही तारा वेगवेगळ्या, जोडीच्या तारा किंचित मागेपुढे, खर्ज सुटल्यावर त्याची जवारी, म्हणजे तारेची ती झणझणती गुंज, शेवटपर्यंत ऐकू येत राहते आणि पुढची पंचमाची तार तिच्यावर चढते. ही डिस्क मी वीस वर्षं ऐकतोय. खर्जाची शेपटी इतकी लांब आहे हे मला माहीत नव्हतं.

आता हे कितपत प्लेयरचं आणि कितपत माझ्या मनाचं, सांगणं अवघड आहे. इतके महिने त्या सूंने पिडलेल्या माणसाला शांतता मिळाली की सगळंच गोड लागणार. मीटर लावून काही मोजलेलं नाही, दोन्ही प्लेयर एकाच खोलीत शेजारी ठेवूनही ऐकले नाहीत. आणि डग्गा मॅरँट्झवरच जास्त भरतो, हे मला आजही मान्य आहे. ठुमरी, नाट्यपदं, भजनं जास्त ऐकणाऱ्याला ॲक्युफेज थोडा सडपातळ वाटू शकेल. पण विलंबित ख्याल, ध्रुपदातला आलाप, रुद्रवीणा, असं ज्यांचं ऐकणं आहे त्यांना मी डीपी-450 च सांगेन. स्वर संपतो कसा, यावर ज्याचं लक्ष असतं त्याला तो कळेल.

बजेट एवढं नसेल तर टीॲकचा व्हीआरडीएस-701 जरूर बघा, तोही सीडीपुरताच आहे. यात डिस्क तिच्याच आकाराच्या तबकडीला घट्ट दाबून धरतात, त्यामुळे किंचित वाकलेली डिस्कही फडफडत नाही. ही पद्धत 1987 पासून टीॲकच्याच एसोटेरिक या महागड्या ब्रँडच्या वरच्या मॉडेल्समध्ये आहे. लक्समनचा डी-03एक्स मी जेमतेम अर्धा तास ऐकला, उबदार वाटला, त्याहून जास्त बोलायचा मला अधिकार नाही.

दोन गोष्टी व्यवहाराच्या. जपानहून कोणी आणतोय म्हणून स्वस्तातला पीस घ्यायचा मोह होतो, मलाही झाला होता. तिथला पीस 100 व्होल्टचा असतो, आपल्याकडे 230, म्हणजे मध्ये स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आला, आणि तो घुम्म करायला लागला तर ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच परत घरात येणार. दुसरं म्हणजे ॲक्युफेजची बॅलन्स्ड आउटपुटची (तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीची) पद्धत पिन 3 पॉझिटिव्ह अशी आहे, बऱ्याच ॲम्पना पिन 2 लागते, तेव्हा जोडण्याआधी दोन्ही मॅन्युअल शेजारी ठेवून एकदा ताडून बघा.

आणि डेमोला जाल तेव्हा डिस्क स्वतःची न्या, जिच्या सुरुवातीला निदान दोन मिनिटं नुसता तानपुरा आहे अशी. दुकानदार त्याची नेहमीची चकचकीत डिस्क लावेल, ती नको म्हणा. एसी बंद करायला सांगायला लाजू नका, इतके पैसे देताय तर तो करेल.